टोपलीचे पैसे कधी मिळतात?

एक टोपली विणायला किती वेळ लागतो, असं विणणारीला विचारलं की उत्तर चटकन येतं: दीड दिवस. मग जरा खोदून विचारायचं. गवत आणायला कोण गेलं होतं? ते वाळवलं कधी, चिरलं कोणी? रंग उकळायला जळण कुठून आलं? कडी बसवायला, बाहेर आलेली टोकं कापायला किती वेळ गेला? बोलता बोलता दीड दिवसाचे तीन दिवस होतात आणि बाई स्वतःच हसायला लागते. गवत चिरणं हे तिनं कधी कामात धरलेलंच नसतं. ते येता-जाता झालेलं असतं, रात्री मुलं झोपल्यावर झालेलं असतं. किंमत मात्र दीड दिवसाचीच लागलेली असते.

गावातली हस्तकला आणि गावातली गरिबी यांचं नातं समजून घ्यायचं तर या हिशोबापासून सुरुवात करावी. स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत ‘कौशल्यविकास’ हा शब्द दर पानावर भेटतो. पण ज्या घरात चार पिढ्या विणकाम चाललंय तिथे कौशल्याची वाण नसते. वाण असते ती रोख पैशाची, गिऱ्हाइकाची आणि थांबण्याच्या ऐपतीची. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे.

थांबण्याची ऐपत म्हणजे काय?

१९७६ सालची गोष्ट. मुहम्मद युनूस तेव्हा बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. शेजारच्या जोब्रा गावात बायका बांबूची स्टुलं बनवायच्या. हात अतिशय सफाईचा, पण बांबू घ्यायला पैसे नाहीत. ते व्यापारी द्यायचा, एका अटीवर: तयार माल त्यालाच विकायचा आणि भावही तोच ठरवणार. दिवसभर राबून बाईच्या हाती उरायचं ते नाममात्र. युनूस यांनी गावात अशा किती जणांवर किती देणं आहे याची यादी करून घेतली. माणसं निघाली ४२ आणि सगळ्यांचं मिळून देणं भरलं २७ डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले. पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये युनूस आणि बँक या दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं, आणि ही गोष्ट सूक्ष्मकर्जाची गोष्ट म्हणून जगभर गेली. मी ती हस्तकलेची गोष्ट म्हणून वाचतो. त्या बायकांना बाजार नव्हता असं नाही, कलाही होती. बांबू विकत घेण्यापासून स्टूल विकलं जाईपर्यंतचे दिवस काढायला त्यांच्याकडे पैसा नव्हता, आणि ते दिवस दुसऱ्या कोणीतरी विकत घेतले होते.

आकड्यांत मांडू. समजा, एका टोपलीचे विणणारीला १०० मिळतात. त्यातले ३० कच्च्या मालाचे, म्हणजे मजुरी ७०. माल दूरच्या दुकानात जायचा आहे. ऑर्डर आल्यापासून विणून होईपर्यंत दीड महिना, जहाजाने पोचायला दीड महिना, आणि दुकानदार पैसे देणार माल मिळाल्यावर दोन महिन्यांनी. एकूण पाच महिने. या काळात बाईने ३० कच्च्या मालासाठी आणि ४० घर चालवायला उसने घेतले, महिना ५ टक्के व्याजाने. सोपं करायला सगळं कर्ज पहिल्याच दिवशी घेतलं असं धरू. पाच महिन्यांचं व्याज होतं साडेसतरा. म्हणजे ७० च्या मजुरीतला बरोबर चौथा हिस्सा नुसत्या वाट पाहण्यात गेला. कोणी फसवलं नाही, मापात कोणी मारलं नाही, भावही ठरल्याप्रमाणे मिळाला. तरी गेला.

आता यातच एक बदल करू. खरेदीदाराने ऑर्डर देतानाच निम्मी रक्कम, ५० ची उचल, बिनव्याजी दिली. बाईला उसने घ्यावे लागतात फक्त २०. व्याज होतं ५. मजुरी ६५ उरते. टोपलीची किंमत एका पैशाने वाढली नाही, नवं डिझाइन आलं नाही, प्रशिक्षणाचं शिबिर झालं नाही.

रास्त व्यापार करणाऱ्या संस्थांची जी जागतिक संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली, तिच्या दहा तत्त्वांत हीच गोष्ट लिहिलेली आहे: हस्तकलेच्या ऑर्डरीवर कारागिरांनी मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यायची. खाद्यपदार्थांसाठी तिथे वेगळा नियम आहे, त्यांच्यासाठी आगाऊ रकमेवर वाजवी व्याज चालतं. हस्तकलेला वेगळं वागवलंय, आणि विणणारं घर बहुधा आधीच कर्जात असतं हे पाहता ते योग्यच वाटतं. ‘मागितल्यास’ हा शब्द मात्र मला नेहमी खटकतो. मागायचं धाडस होण्यासाठीसुद्धा थोडी ऐपत लागते.

बांगलादेशातलीच दुसरी गोष्ट इथे नेमकी बसते. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली ब्रॅक ही संस्था मानिकगंज भागातल्या गरीब बायकांना रेशीम उत्पादनाचं काम देत होती. माल ढाक्यातल्या मोजक्या दुकानांत जायचा आणि पैसे यायला आठवडे, कधी कधी महिने लागायचे. दुकानदार वाईट होते असं नाही. दुकानदारीत उधारी चालतेच. पण मानिकगंजच्या घरात संध्याकाळी चूल पेटायची तर पैसे आज हवेत. ब्रॅकने १९७८ मध्ये स्वतःचं दुकान काढलं, नाव ठेवलं आडोंग, आणि माल हाती आला की पैसे हाती, असा रिवाज घातला. आडोंग आज बांगलादेशातला मोठा ब्रँड आहे. लोक तिथे कपडे बघायला जातात. पण ते दुकान मुळात निघालं ते उधारीचा काळ बाईच्या अंगावरून उचलून संस्थेच्या अंगावर घेण्यासाठी.

संस्थांच्या भागीदारीबद्दल वाचताना ही एक कसोटी हाताशी ठेवली तर बरंच धुकं निवळतं: यात पैसे कोणाचे अडकतात?

कोण कोणाचा भागीदार

‘भागीदारी’ हा शब्द गुळगुळीत आहे, म्हणून त्यातली माणसं वेगवेगळी करून पाहू. एका टोकाला पैसा देणारा असतो: एखादं प्रतिष्ठान, सरकारी मदत संस्था, कंपनीचा सामाजिक निधी. त्याला दोन-तीन वर्षांत दाखवण्याजोगं काहीतरी हवं असतं. मग एखादी मोठी संस्था, जी निधी आणते, हिशोब ठेवते, अहवाल लिहिते. तिच्या खाली स्थानिक संस्था, जिच्या कार्यकर्त्यांना कुठल्या घरात आजारपण आहे आणि कुठल्या वस्तीचं कुठल्या वस्तीशी बोलणं बंद आहे हे ठाऊक असतं. मग कारागिरांचा गट. आणि दुसऱ्या टोकाला खरेदीदार.

कागदावर हे सगळे एका ओळीत समान उभे असतात. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त काम मधल्या स्थानिक संस्थेचं असतं आणि सगळ्यांत कमी पैसा तिलाच मिळतो. मोजपट्टी घेऊन दारोदार जाणारी, ‘ही टोपली दोन बोटं लहान झालीय, चालणार नाही’ हे न दुखावता सांगणारी, रंगाचा घाणा बिघडला तर रात्री फोन घेणारी बाई तिथली असते. तिचा पगार देणगीदाराच्या रकान्यात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून बसतो, आणि प्रशासकीय खर्च कमी असावा असं सगळ्यांना वाटतं. शिलाई मशीन वाटली तर फोटो निघतो. पगाराचा फोटो निघत नाही.

देशादेशांचे कायदेही या ओळीचा आकार ठरवतात. भारतात २०२० साली परकीय देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशातून आलेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, आणि त्यातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि लहान संस्थांनी गावात काम करायचं, ही परकीय निधीवरची जुनी साखळी त्यामुळे तुटली. दुसऱ्या बाजूने २०१३ च्या कंपनी कायद्यात, कंपन्यांनी सामाजिक निधी कशावर खर्च करावा याच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकला यांचं संवर्धन आहे. एक दार बंद, एक उघडं. पण उघड्या दारामागे जो बसलाय तो दूरचा देणगीदार नसून जवळची कंपनी आहे, आणि तिला हवं असतं ते वेगळं.

सुरुवात मात्र नेहमी इतकी गुंतागुंतीची नसते. एडना रूथ बायलर या अमेरिकेतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या बाई १९४६ मध्ये प्वेर्तो रिकोला गेल्या होत्या. तिथल्या गरीब बायकांचं भरतकाम त्यांनी पाहिलं, काही कापडं बरोबर आणली आणि शेजारणी-मैत्रिणींना विकली. नंतर गाडीच्या डिकीत माल घालून त्या हिंडू लागल्या. त्यातून टेन थाउजंड व्हिलेजेस ही दुकानांची साखळी उभी राहिली. बायलर बाईंनी बाजाराचा अभ्यास केला नव्हता. पण डिकीतल्या मालाचे पैसे अडकले तर ते त्यांचे अडकणार होते. कसोटीत त्या पहिल्याच दिवशी पास.

फोवाचे गालिचे

आता एका प्रयोगाबद्दल जरा सविस्तर, कारण अशा भागीदारीतून नक्की काय घडतं हे इतक्या काटेकोरपणे फार कमी वेळा मोजलं गेलंय.

इजिप्तमध्ये फोवा नावाचं गालिचे विणणाऱ्यांचं गाव आहे. कारखाने म्हणावेत तर एक माग, एक मालक आणि फार तर एखादा मदतनीस. एड टू आर्टिझन्स ही अमेरिकी ना-नफा संस्था तिथल्या हामिस कार्पेट्स या मध्यस्थ व्यापाऱ्याबरोबर काम करत होती. संस्थेने नमुने सुधारायला मदत करायची, परदेशी खरेदीदार शोधायचे. ऑर्डर आली की हामिसने ती विणकरांत वाटायची, माल तपासायचा, पाठवायचा. डेव्हिड ॲटकिन, अमित खांडेलवाल आणि ॲडम ओसमन या अर्थतज्ज्ञांनी यात एक युक्ती केली. ऑर्डर कोणत्या विणकरांना द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे ऑर्डर मिळालेले आणि न मिळालेले यांची सरळ तुलना करता आली. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

ऑर्डर मिळालेल्यांचा नफा इतरांपेक्षा १६ ते २६ टक्क्यांनी जास्त निघाला. इथपर्यंत आश्चर्य नाही. गंमत पुढे आहे. त्यांचा विणण्याचा वेग कमी झाला. तासाला पूर्वीपेक्षा कमी गालिचा निघू लागला. एखाद्या उत्साही प्रकल्प अधिकाऱ्याने नुसता हा आकडा पाहिला असता तर प्रकल्प फसला असं लिहून मोकळा झाला असता. पण ते आता वेगळाच गालिचा विणत होते: कोपरे काटकोनात, कडा लाटेसारख्या न वाकणाऱ्या, वीण घट्ट, नक्षी नमुन्याबरहुकूम. यानंतर संशोधकांनी सगळ्या विणकरांना एका भाड्याच्या जागेत बोलावलं, सारखाच माग, सारखंच सूत दिलं आणि स्थानिक बाजारातला साधा गालिचा विणायला सांगितला. परदेशी ऑर्डरींवर हात बसलेल्यांचा साधा गालिचाही सरस निघाला, आणि त्याला त्यांना जास्त वेळही लागला नाही.

म्हणजे शिक्षण झालं होतं, पण वर्गात नव्हे. खरेदीदार म्हणाला कडा वाकतेय, मध्यस्थाने ते विणकराला दाखवलं, विणकराने ताण बदलला, पुढचा गालिचा सरळ आला. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरलं. शिबिरात तीन दिवस ‘गुणवत्तेचं महत्त्व’ ऐकून हे येत नाही. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची नेमकी तक्रार मागापर्यंत पोचवणारा माणूस मधे असावा लागतो. आणि ही बाब विसरू नये की ऑर्डर मिळवणं हेच सगळ्यांत अवघड निघालं. संस्था आणि मध्यस्थ दोघांनी मिळून खटपट करूनही मोठे खरेदीदार हाती लागायला बराच काळ गेला. ‘कारागिरांना थेट बाजाराशी जोडू’ हे वाक्य ज्या सहजतेने लिहिलं जातं, ती सहजता मला तेव्हापासून पचत नाही.

या गोष्टीत मध्यस्थ व्यापारी आहे हेही बघा. दलाल हटवा, ही आपली आवडती घोषणा. पण सूत आणणं, माल तपासणं, बांधणं, कागदपत्रं करणं हे काम दलाल गेला म्हणून जात नाही. ते कोणीतरी करतंच, आणि ज्याला येत नाही त्याने केलं तर महाग पडतं. जोब्राचा व्यापारी आणि फोवाचा मध्यस्थ यांत फरक आहे तो कारागिराला दुसरीकडे जायची मुभा आहे की नाही, एवढाच.

शंभरातले वीस

दुकानात १०० ला दिसणाऱ्या टोपलीतले विणणारीकडे २० गेले हे कळलं की माणसं चिडतात. चिडण्याआधी हिशोब बघू. किरकोळ दुकानदार साधारणपणे घाऊक भावाच्या दुप्पट किंमत लावतो. भाडं, पगार, वीज, न खपलेला माल सगळं त्यातून निघतं. म्हणजे घाऊक भाव ५०. घाऊक विक्रेत्यालाही वाहतूक, गोदाम, जकात आणि स्वतःचा खर्च काढायचा असतो. त्याच्या हाती माल येतो २०-२५ ला. त्यामुळे या पद्धतीने विकायचं म्हटलं तर विणणारीचा हिस्सा २० असणं हे आपोआप शोषण होत नाही. २० मध्ये तिचे तीन दिवस बसतात की दीड, हा प्रश्न आहे. म्हणून सुरुवातीची ती उलटतपासणी महत्त्वाची. चांगल्या संस्था कारागिरांबरोबर बसून प्रत्येक टप्प्याचे तास मोजतात, त्या भागातल्या रोजंदारीशी ताडून पाहतात आणि मग भाव बांधतात. दर निघाला रोजंदारीपेक्षा कमी, तर दोनच रस्ते: किंमत वाढवायची, किंवा ती वस्तू बनवणंच सोडून द्यायचं. दुसरा रस्ता घ्यायला संस्थेला फार जड जातं, कारण ‘लुप्त होणारी कला’ असं पत्रकावर आधीच छापलेलं असतं.

कच्चा माल हा या हिशोबातला सगळ्यांत बेभरवशाचा आकडा. घानाच्या उत्तरेला बोल्गाटांगा हे टोपल्यांसाठी नावाजलेलं शहर आहे. तिथल्या विणकरांना लागणारं गवत आता मोठ्या प्रमाणात देशाच्या दक्षिणेकडून विकत आणावं लागतं. फुकट मिळणारी गोष्ट एकदा बाजारात गेली की विणणारी पुन्हा उधारीत. अशा ठिकाणी गवताची सामुदायिक कोठी उघडून देणं हे दहा डिझाइन कार्यशाळांहून मोलाचं ठरू शकतं. फक्त त्याच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

जाता जाता, नावाचा मालक कोण हेही पैशाचंच प्रकरण आहे. पनामा हॅट विणली जाते इक्वेडोरमध्ये. युनेस्कोने २०१२ मध्ये ती विणकामाची परंपरा इक्वेडोरच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घातली. जगाच्या तोंडी नाव अजून पनामाचंच आहे.

गरिबी हटते का?

सरळ उत्तर: एकट्या हस्तकलेने क्वचित. विणकाम बहुतेक घरांत शेती आणि मजुरीच्या जोडीला असतं. पेरणीच्या दिवसांत कोणी मागावर बसत नाही, आणि नेमकी तेव्हाच मोठी ऑर्डर येते. शिवाय सगळ्यांत गरीब घर बहुधा कारागिरांच्या गटात नसतंच. गटात यायला बसायची जागा, रिकामा वेळ आणि माल परत आला तर सोसायची ताकद लागते. हस्तकलेचे प्रकल्प अनेकदा गरिबांतल्या जरा बऱ्या घरांना वर काढतात. त्यात वाईट काही नाही, फक्त अहवालात ‘अतिगरीब’ लिहू नये.

अगदी तळाच्या घरांसाठी ब्रॅकने २००२ मध्ये वेगळी वाट धरली. उत्पन्नाचं एखादं साधन द्यायचं, ते उभं राहीपर्यंत घरखर्चाला रोख मदत, जोडीला शिक्षण, बचत, आरोग्य, आणि दर आठवड्याला घरी येऊन चौकशी करणारा माणूस. सगळं एकत्र. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून जास्त घरांवर याची चाचणी झाली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले: मदत थांबून वर्ष झाल्यावरही घरं पूर्वीपेक्षा बरी चालली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथे फायदा टिकला नाही. रोख मदतीचा भाग पुन्हा बघा. कोंबडीने अंडं देईपर्यंतचे दिवस काढायची ती सोय आहे.

उत्तर घानामध्ये याच कार्यक्रमाच्या जोडीला पिशव्या शिवायचं काम देऊन पाहिलं. मोजल्या गेल्या १,१५,५७९ पिशव्या. आयतं मिळालं की माणूस आळशी होतो, हा समज पडताळायचा होता. झालं उलटंच: ज्यांना मदत मिळाली होती त्यांनी जास्त काम केलं. पोटाची चिंता थोडी हलकी झालेल्या माणसाचं शिवणकामात लक्ष लागतं, असा संशोधकांचा अर्थ. कुठल्याही विणणाऱ्या बाईला हे विचारायचं होतं, पण असो, आता आकडा आहे.

भागीदार गेला तर

२००५ पासून रवांडातल्या टोपल्या अमेरिकेतल्या मेसीज या दुकानसाखळीत विकल्या जाऊ लागल्या. १९९४ च्या नरसंहाराने दुभंगलेल्या हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांतल्या बायका शेजारी बसून त्या विणत होत्या. अशी गोष्ट बरोबर असली की पहिली टोपली विकली जाते. दुसरी टोपली विकली जायला मात्र ती नीट बसावी लागते, रंग जाता कामा नये, आणि गिऱ्हाइकाच्या घरात तिला काहीतरी काम असावं लागतं. सहानुभूतीवर उभी राहिलेली मागणी एका सणापुरती असते.

आणि चांगले हेतू असलेले खरेदीदारही बुडतात. १९७९ पासून रास्त व्यापार करणारी ब्रिटनमधली ट्रेडक्राफ्ट कंपनी जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टेन थाउजंड व्हिलेजेसच्या कॅनडातल्या शाखेने २०२० मध्ये आपलं मुख्य कार्यालय आणि स्वतःची दुकानं बंद करायचा निर्णय घेतला. त्यांच्या एका ऑर्डरीवर वर्ष काढणारा गट जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, त्याच्यासाठी ही बातमी दुष्काळासारखीच. म्हणून जाणत्या संस्था गटाला सांगतात की निम्म्याहून जास्त माल एकाच खरेदीदाराला देऊ नका, आणि जवळच्या बाजारासाठी एखादी साधी, स्वस्त वस्तू चालू ठेवा. गटाला हे पटत नाही. मोठी ऑर्डर समोर असताना लहान गिऱ्हाइकाला कोण विचारतं?

यावरचा एक उपाय म्हणजे कारागिरांनीच मालक होणं. राजस्थानात बिकानेरच्या भागात मुळं असलेली रंगसूत्र ही कंपनी सुमिता घोष यांनी अशीच उभी केली. भांडवल कारागिरांकडून भागांच्या रूपाने गोळा झालं, आणि आज तिथले कारागीर, ज्यांत बहुसंख्य बायका आहेत, कंपनीचे भागधारक आहेत. मालकी आली की नफ्यातला वाटा येतो, आणि तोट्यातलाही येतो. ही दुसरी गोष्ट गटाच्या बैठकीत पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ऑर्डर नाकारली गेली, माल परत आला, तर तो कोणाच्या घरात पडून राहणार? संस्थेच्या गोदामात, की विणणारीच्या पडवीत? करारात हे स्पष्ट नसेल तर तो पडवीतच जातो.

असे करार मी पाहतो तेव्हा शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. पहिल्या पानांवर उद्दिष्टं असतात, ती सगळीकडे सारखीच. शेवटी, बारीक अक्षरांत, भागीदारी संपल्यावर काय होईल ते असतं, किंवा नसतं. तीन वर्षं मिळून काढलेली डिझाइनं कोणाची? रंगाचं प्रमाण लिहिलेली वही कोणाकडे राहणार? खरेदीदाराचा ईमेल संस्थेच्या संगणकावर येतो की गटातल्या कोणाच्या फोनवर? आणि उचल द्यायला जो फिरता निधी होता, तो देणगीदाराला परत जाणार की गटाच्या खात्यात राहणार? एका करारात या शेवटच्या प्रश्नासमोर कोणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. खाली सह्या मात्र सगळ्यांच्या झालेल्या होत्या.